भिंतीला लावलेले पाय

मी पहाटे उठून वीस-वीस किलोमीटर पळत होते, तोवर आमच्या घरात कुणाची काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती मी झोपायला लागल्यावर.

मी श्यामला. वय अठ्ठावन्न, टेलिफोन खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, राहणार नारायण पेठ. घरात आम्ही दोघंच, मुलगी अवनी लग्न होऊन नाशिकला. नवरा गोपाळकृष्ण, जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावरही समोरच्याला फळ्यापाशी उभं केल्यासारखं बोलायची सवय गेलेली नाही. मला डॉक्टरांनी गुडघ्यासाठी चालायला सांगितलं होतं. चालता चालता मी पळायला लागले. पळताना मला कुणी हाक मारत नाही, हे मला फार आवडलं. बाकी त्यात काही रहस्य नाही.

लोक म्हणायचे, तुमच्या मिस्टरांचं कौतुक आहे हो, पळू देतात. मी हसून सोडून द्यायचे. देतात काय? मी परत यायचे तेव्हा ते उठलेलेही नसायचे. दूध तापलेलं, पिण्याचं पाणी भरलेलं, चहाला आधण ठेवलेलं. माझ्या पळण्याची झळ कुणालाच लागत नव्हती, म्हणून ते सगळ्यांना चालत होतं. हे मला समजायला एक मॅरेथॉन वाया घालवावी लागली.

ती गेल्या वर्षीची. आमच्या पळणाऱ्यांच्या क्लबाची मॅरेथॉन असते डिसेंबरात. स्वारगेटजवळच्या मैदानातून निघायचं, बिबवेवाडीच्या बाजूने फिरून सातारा रस्त्याने कात्रजपर्यंत चढायचं, परत यायचं, आणि मग हेच सगळं पुन्हा एकदा. बेचाळीस किलोमीटर, साडेसहा तासांत. जे फार मागे पडतात त्यांच्यामागून एक बस येते आणि त्यांना उचलून मैदानावर आणून सोडते. गेल्या वर्षी ती बस मला कात्रजच्या डेअरीजवळ गाठून घेऊन आली. मी खिडकीशी बसले होते, आणि माझ्यापेक्षा वयाने मोठा एक माणूस रस्त्याच्या कडेने लंगडत का होईना पळत होता. त्याच्याकडे बघून मला रडू आलं. वर्षभर कमावलेले माझे पाय शेवटी बसच्या फरशीवर नुसते ठेवलेले होते.

का गाठलं बसने? कारण आदल्या दिवशी यांची एकसष्टी होती. मी सकाळपासून उभी. श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी, मठ्ठा, वर येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा. शेवटच्या तीन आठवड्यांत पळणं कमी करत न्यायचं असतं, ते मी नेमाने केलं होतं. पण पळणं कमी झाल्यावर जो वेळ मोकळा झाला तो सगळा घराने घेतला. "हल्ली तू घरीच असतेस ना," म्हणून माळा साफ झाला, एकसष्टीची आमंत्रणं झाली, पडदे धुतले गेले. पळायच्या दिवशी माझे पाय आधीच दमून बसलेले होते. हे मात्र दारी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "बसनेही मॅरेथॉन करता येते, आमच्या हिने सिद्ध करून दाखवलंय."

या वर्षी आमचा कोच इंद्रजीत, वयाने माझ्या मुलीएवढा, त्याने मला बाजूला घेऊन बजावलं. "काकू, जे कमवायचं ते कमवून झालंय. आता फक्त सांडू नका. पळणं निम्मं, मग त्याच्या निम्मं. दुपारी झोपायचं, पाय भिंतीला लावून पडायचं, भात खायचा, आणि उभ्याने काम करायचं नाही. हे टेपरिंगसुद्धा ट्रेनिंगच आहे. घरी सांगा तसं."

घरी सांगा. त्याचं लग्न व्हायचंय अजून.

मी सांगितलं. हे पेपर बाजूला न ठेवता म्हणाले, "टेपर म्हणजे?"

"निमुळतं करत नेणं. पळणं हळूहळू कमी करायचं, म्हणजे शेवटी पाय ताजे राहतात."

"पेन्सिलीसारखं."

"तसंच समजा."

"टोक झालं की कळव," म्हणाले आणि शब्दकोड्याकडे वळले.

पहिल्या दिवशी दुपारी मी हॉलमध्ये चटई टाकली, उशी घेतली, आणि पाय वर करून भिंतीला लावून पडले. खरं सांगते, बेचाळीस किलोमीटर एक वेळ सोपे. घर जागं असताना बाईने आडवं होणं कठीण. आमच्याकडे दिवसा बाई आडवी होते ती आजारपणात नाहीतर बाळंतपणात. माझ्या आईला मी दिवसा झोपलेली एकदाच पाहिली, विषमज्वरात, आणि तेव्हाही ती आत कोण काय सांडतंय ते विचारत होती. मी भिंतीला पाय लावून पडले आणि मला ओट्यावरचं खरकटं ऐकू यायला लागलं. खरकटं आवाज करत नाही, मला माहीत आहे. तरी ऐकू येत होतं.

हे दोनदा माझ्यावरून ओलांडून गेले. तिसऱ्यांदा थांबून म्हणाले, "आज किती किलोमीटर झोपणार?"

"होईल तेवढं."

"आणि कुणी विचारलं तर काय सांगू?"

"सांगा कामात आहे."

यांनी चष्मा काढला. यांचा चष्मा निघाला की व्याख्यान येतं. "श्यामला, झोपलेल्या माणसाला कामात आहे म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो, जे दिलेलं आहे तेच लिहा. दिलेलं काय आहे? बाई झोपली आहे."

आणि त्यांनी तेच केलं. त्याच आठवड्यात वारज्याहून वन्संचा फोन आला. वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, मंदाकिनी. त्यांच्या श्रद्धाचं लग्न ठरलेलं, घरात नुसती धांदल. मी चटईवर, हे फोनवर. "श्यामला? झोपलीय. नाही, बरी आहे, तिला काय धाड भरलीय? पळणंबिळणं कमी केलंय सध्या. हो, रिकामीच आहे."

रिकामीच! मला उठून फोन हिसकावून घ्यावासा वाटला, पण पाय भिंतीला होते आणि इंद्रजीतने वीस मिनिटं सांगितली होती. मी नुसती छताकडे बघत दात खात राहिले.

त्या "रिकामीच"चा अर्थ दुसऱ्या दिवशी उलगडला. वन्संनी परस्पर ठरवून टाकलं होतं. भाचीचं केळवण मामाकडे व्हायला हवं, बाकी सगळे शनिवार दुसऱ्या नातेवाइकांनी धरलेले, श्रद्धाला ऑफिसमधून इतर दिवशी सुटता येत नाही, तेव्हा उरला तो एकच शनिवार. माझ्या मॅरेथॉनच्या आदला. माणसं पंचवीस. "आणि श्यामलाच्या हातच्या पुरणपोळ्या हव्यात बरं का, श्रद्धाने लहानपणापासून सांगून ठेवलंय."

हे सगळं यांनी मला जेवताना सांगितलं, कोशिंबिरीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं.

"तुम्ही हो म्हणालात?"

"मामा आहे मी. नाही कसं म्हणणार?"

"रविवारी माझी मॅरेथॉन आहे."

"केळवण शनिवारी आहे."

मी हातातला घास ताटात ठेवला. मला भयंकर राग आला. गेल्या वर्षीची बस डोळ्यांपुढे आली, ती खिडकी, तो लंगडत पळणारा माणूस. मग मला एकदम शांत वाटलं. भांडून केळवण रद्द केलं असतं तर आयुष्यभर मी भाचीचं केळवण न केलेली मामी झाले असते, आणि पळणं बदनाम झालं असतं ते वेगळंच. मी म्हटलं, "होऊ दे केळवण. थाटात होऊ दे. मी येईन."

"येशील म्हणजे? ते आपल्याच घरी आहे."

"हो ना. मी पानावर येऊन बसेन. मामाकडचं केळवण आहे, मामा करेल."

"मला पुरणपोळी येत नाही."

"वरणभात येईल. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात, गणितच आहे."

यांना वाटलं, रागात बोलतेय, शनिवारी पदर खोचून उभी राहील. वन्संनाही तसंच वाटलं असणार, कारण पुरणाला डाळ कुठली चांगली हे त्यांनी मला फोन करून सांगितलं. मी ते ऐकून घेतलं आणि यांना कळवलं.

मधले दिवस वाईट गेले. टेपरमध्ये डोकं फिरतं, हे इंद्रजीतने सांगितलं होतं, पण इतकं फिरेल असं वाटलं नव्हतं. पळणं बंद झालं की नसलेली दुखणी येऊन बसतात. एके दिवशी डावी पोटरी, दुसऱ्या दिवशी टाच. शेजारी कुणी शिंकलं की मी खिडकी लावून घ्यायचे. आता सगळं विसरले, आता एक किलोमीटरही जमणार नाही, असं रात्री वाटायचं आणि सकाळी त्यावरून यांच्यावर चिडायचे. मार्गशीर्षातला गुरुवार आला. मी दरवर्षी उपास करते. या वर्षी घट मांडला, पूजा केली, आणि ताटात भात वाढून घेतला.

"देवीला काय सांगितलंस?" यांनी विचारलं.

"खरं ते सांगितलं. ती बाई आहे, तिला कळतं."

शुक्रवारी रात्री यांनी पहिल्यांदाच ओट्यासमोर उभं राहून विचारलं, "डाळीचा डबा कुठला?" मी चटईवरूनच सांगितलं, वरून दुसरा. त्यांच्या लक्षात आलं की मी उठणार नाही.

शनिवारी सकाळी यांनी गल्लीतल्या घरगुती डबेवालीकडून पुरणपोळ्या मागवल्या, दुकानातून जिलबी आणली, आणि वरण, भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर स्वतः करायला घेतली. मी गॅलरीत खुर्चीत बसले होते, पाय स्टुलावर. आतून भांडी पडल्याचे आवाज येत होते. मग वास आला. भात खाली लागला होता.

त्या वासाला माझं अंग आपोआप उठलं. खरंच, मी उभी राहिले होते. तीस-बत्तीस वर्षांची सवय ती, नाकातून थेट पायात जाते. गॅस बंद करायचा, वरचा भात हलक्या हाताने काढून घ्यायचा, जळका वास जायला वर पावाची कड ठेवायची, सगळं मला पाठ. मी दाराच्या कडीला हात लावला आणि तिथेच थांबले. आत्ता आत गेले की बाहेर येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. एकदा ओट्याशी उभी राहिले की संध्याकाळ होणार आणि उद्या कात्रजला बस माझी वाट बघत असणार. मी परत येऊन खुर्चीत बसले. डोळ्यांत पाणी आलं, ते भातासाठी की कशासाठी, कुणास ठाऊक. आत थोड्या वेळाने कुकर पुन्हा लागला.

माणसं आली. वन्संनी दारातूनच स्वयंपाकघराकडे बघितलं. त्यांचा भाऊ कमरेला पंचा गुंडाळून घामाघूम उभा होता आणि त्यांची भावजय बाहेर बसलेली होती.

"बरं नाही का श्यामला?"

"उत्तम आहे वन्सं. उद्या पळायचंय, म्हणून बसलेय."

"पळायचंय म्हणून बसलीयस," त्या म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"हो."

टेबलाच्या एका टोकाला नवरीचं पान मांडलं होतं. श्रद्धाने स्वतःच ताटाभोवती रांगोळी काढून घेतली, कारण तिच्या मामाला ती जमली नसती. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. बसले, म्हणजे सगळ्यांच्या आधी बसले. आमच्या घरात मी पाहुण्यांबरोबर पहिल्या पंगतीला कधी बसले नव्हते. हे वाढायला आले, हातात वरणाचं भांडं, आणि माझ्या ताटापाशी क्षणभर घुटमळले. मग त्यांनी भातावर वरण वाढलं. जरा पातळ झालं होतं, पण गरम होतं.

वन्संनी पोळीचा तुकडा मोडला. "विकतच्या आहेत."

"हो," मी म्हटलं. "चांगल्या आहेत ना?"

"चांगल्या असतील. केळवणाला मामीच्या हातचं असतं, एवढंच माझं म्हणणं." मग त्यांना राहवलं नाही. "श्यामला, रागावू नकोस, पण आपल्या वयाला शोभतं का हे? ही पोर उद्या नव्या घरी जायचीय. हे बघून ती काय शिकणार?"

"बसायला शिकेल," मी म्हटलं. "उभं राहायला तिला सगळेच शिकवतील."

माझा आवाज चढला नव्हता. वन्सं वाईट नाहीत. त्या स्वतः आयुष्यभर उभ्या राहिल्या आहेत, गुडघ्यांची ऑपरेशनं झाली तेव्हाच काय त्या बसल्या. पण म्हणून मी का उभी राहू? मला एवढंच ओरडून सांगायचं होतं आणि मी जिलबी खाल्ली.

श्रद्धा उठली. मला वाटलं, चिडून उठली. तिने रांगोळीची वाटी आणली आणि माझ्या ताटाभोवती बोटांनी एक वेडीवाकडी रेघ ओढली. "मामी, उद्या तुझंही मोठं कार्य आहे ना? मग केळवण दोघींचं." आणि आईकडे न बघता जेवायला बसली. वन्संनी भात मागून घेतला.

सगळे गेल्यावर, भांडी घासायच्या बाईंनी आवरून झाल्यावर, मी चटई टाकली आणि पाय भिंतीला लावले. हे आले आणि माझ्याकडे न बघता शेजारी जमिनीवर बसले, मग आडवे झाले. मग एक एक करून दोन्ही पाय त्यांनी भिंतीला लावले. टाचा लाल झाल्या होत्या.

"दुखतायत?" मी विचारलं.

"थोडे."

"कशाने?"

"सकाळपासून उभा आहे," हे म्हणाले आणि स्वतःचंच वाक्य ऐकून गप्प बसले. मीही काही बोलले नाही. एवढा संयम मला टेपरिंगने शिकवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच यांनी मला स्कूटरवरून मैदानावर सोडलं. हवेत चांगला गारठा होता. उतरताना म्हणाले, "बस कुठून निघते ते बघून ठेव." सवय कशी जाईल एका दिवसात.

"तुम्हीच बघून ठेवा," मी म्हटलं. "रिकामी येईल ती."

बोलले खरी, पण जाता जाता बस कुठे उभी आहे ते बघून घेतलं.

पहिली फेरी मी अगदी आवरून धरून केली. पाय पळू पळू करत होते आणि मी त्यांना दटावत होते. तीन आठवड्यांची झोप त्यांच्यात साठलेली होती. बिबवेवाडीत उजाडलं. सातारा रस्त्याच्या चढावर माझ्याबरोबर निघालेले बरेच जण पुढे गेले, मी जाऊ दिले. कात्रजला वळसा घेतला, उतरले, मैदानाला हात लावला आणि पुन्हा निघाले. ऊन वर आलं. दुकानांची शटरं उघडायला लागली, रिक्षा कडेने हॉर्न वाजवत जाऊ लागल्या. एक गृहस्थ दुधाच्या पिशव्या घेऊन चालले होते, ते म्हणाले, "अहो, पुढचे कधीच गेले." मी म्हटलं, "त्यांना घाई असेल."

दुसऱ्यांदा कात्रजचा चढ आला तेव्हा मात्र विनोद संपले. मांड्या जड झाल्या. तोंडाला मिठाची पुटं. डेअरी दिसली, आणि त्याच वेळी मागून तो आवाज आला, पहिल्या गिअरमध्ये रखडत येणाऱ्या बसचा. गेल्या वर्षभर हा आवाज मी झोपेत ऐकला होता. तिच्यापुढे रेंगाळणाऱ्यांत मीच शेवटची होते. बस माझ्या बरोबरीने आली. दारात नारिंगी टी-शर्ट घातलेला एक तरुण उभा होता, चेहरा भला.

"काकू, बसताय का? पुष्कळ केलंत. अजून बराच पल्ला आहे."

आतल्या खिडकीशी एक बाई बसली होती, माझ्यासारखीच. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"माझी वेळ संपली का?" मी विचारलं.

"अजून नाही. पण होईलच असं वाटतं."

"मग झाली की या," मी म्हटलं.

तो हसला. मी हसले नाही. मी पाय उचलले, आणि मला तिथे, त्या डेअरीसमोर, एक गोष्ट कळली. पायांत शिल्लक होती. गेल्या वर्षी ह्याच जागी खरवडून काढलेल्या पातेल्यासारखे झालेले पाय आज अजून काही द्यायला तयार होते. मी वळसा घेतला आणि उतार सुरू झाला. मी पळायला लागले. खरं म्हणजे पहाटेपासून प्रथमच पळायला लागले. शब्द तोंडातून आपोआप निघत होते. ही दुपारची झोप. हा गुरुवारचा भात. हे न धुतलेले पडदे. हा तो लागलेला भात, ज्याच्यासाठी मी उठले नाही. प्रत्येक पावलाला एकेक न केलेलं काम मी रस्त्यावर आपटत होते, आणि मला त्याची तिळमात्र लाज वाटत नव्हती. बसचा आवाज मागे मागे राहत गेला.

सुखाने झालं असं नाही. बिबवेवाडीत उजव्या पोटरीत असा गोळा आला की मी विजेच्या खांबाला धरून ओरडले. एका फुलवालीने मला बसायला स्टूल पुढे केलं. "नको बाई," मी म्हटलं, "आज बसायचं कालच उरकून घेतलंय." ती वेडी समजून बघत राहिली आणि मी लंगडत निघाले. लंगडताना मला गेल्या वर्षीचा तो माणूस आठवला आणि एकदम बरं वाटलं, की आता रस्त्याच्या कडेला मी आहे, खिडकीत नाही.

मैदानाच्या दारातून आत शिरले तेव्हा मांडव अर्धा उतरवलेला होता. खुर्च्या एकावर एक चढत होत्या. पण कमानीवरचं घड्याळ चालू होतं आणि साडेसहा तासांना अजून चार मिनिटं होती. मी कमानीखालून गेले. इंद्रजीतने माझ्या गळ्यात पदक घातलं आणि मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडले, पोरासोरांसमोर, अगदी भोकाड पसरून.

डोळे पुसले तर समोर हे उभे. हातात गुंडाळलेली चटई आणि उशी. सगळे बघत होते आणि हे संकोचाने कानापर्यंत लाल झाले होते, तरी उभे होते.

"बस कुठेय?" त्यांनी विचारलं.

"मागे आहे."

त्यांनी मान डोलावली. मग झाडाखाली जागा झाडून चटई अंथरली, माझे बूट काढले, आणि माझे पाय उचलून झाडाच्या बुंध्याला लावून ठेवले.

घरी येऊन मी आंघोळ केली, त्यांनी केलेला भात खाल्ला आणि हॉलमध्ये पुन्हा आडवी झाले. डोळा लागतच होता तेव्हा फोन वाजला. यांनी उचलला. वन्संचा आवाज मला चटईवरूनही ऐकू येत होता. झालं ना पळून एकदाचं? मग उद्यापासून रुखवताच्या तयारीला पाठव तिला, इथे माणसं कमी पडतायत. दे तिच्याकडे.

मी डोळे मिटूनच पडले होते. मी काहीही सांगितलं नाही, खूणसुद्धा केली नाही.

"ताई, आत्ता देता येणार नाही," हे म्हणाले. "ती कामात आहे."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"झोपलीय," हे म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.